रम, लिंबू, साखर आणि गोखलेसाहेब

बारमागं उभं राहणाऱ्या माणसाकडं दिवसभरात दोन गोष्टी साठतात. पिळलेल्या लिंबांची सालं आणि किस्से. सालं हॉटेलच्या बादलीत जातात, किस्से आपल्याबरोबर घरी येतात. घरी सांगायला गेलं तर बायको म्हणते, "हा मागच्या महिन्यात सांगितलास." म्हणून तुम्हाला सांगतो.

मी मिलिंद. कल्याणीनगरच्या एका हॉटेलात बावीस वर्षं बारमागं उभा होतो. लागलो तेव्हा खिडकीतून मोकळे प्लॉट दिसायचे आणि त्यात बसलेली गाढवं. सोडलं तेव्हा त्याच खिडकीतून समोरच्या काचेच्या बिल्डिंगमधे आमचंच हॉटेल दिसायचं!

माझे निम्मे किस्से एकाच ड्रिंकचे आहेत. डायकिरी. त्यात काही अवघड नाही. पांढरी रम, लिंबाचा रस, साखर. बर्फ घालून शेकरमधे जोरात हलवायचं, उंच दांडीच्या ग्लासात गाळायचं. वस्तू तीनच. पण पुण्याच्या माणसापुढं तीन वस्तू ठेवल्या की मतं किमान पाच येतात.

*

नव्वदीतली गोष्ट. देश उघडला, असं पेपरात रोज यायचं. आमचे मालक सिंगापूरला जाऊन आले आणि म्हणाले, "नुसतं व्हिस्की-सोडा आता चालायचं नाही. कॉकटेल पाहिजेत."

काम आलं आमच्या मॅनेजरांकडं, म्हणजे गोखलेसाहेबांकडं. साहेब सदाशिव पेठेतले. फुल बाह्यांचा शर्ट, स्कूटर, आणि बोलणं तारेसारखं, शब्द मोजून. स्वतः ग्लास कधी हातात धरायचे नाहीत. नवीन ड्रिंक केलं की तळहातावर एक थेंब घ्यायचे, तीर्थासारखा, आणि निकाल द्यायचे. त्यांनी जाड पुस्तक आणून बारा कॉकटेलं निवडली आणि मेनू बिबवेवाडीच्या एका प्रेसला छापायला दिला.

मेनू आला. डायकिरीच्या जागी छापलं होतं, 'क्लासिक डेअरी'.

साहेबांनी प्रेसला फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, "अहो, तुमचं स्पेलिंग चुकलं होतं. आम्ही दुरुस्त करून दिलं. आभार मानायचे सोडून फोन कसले करता?"

गोखलेसाहेब फोन ठेवून म्हणाले, "आपल्यापेक्षा पुणेरी निघाला."

दुरुस्त प्रती यायच्या आत दुपारच्या जेवणाला एक रिटायर्ड गृहस्थ आले. त्यांच्या टेबलावर होता ढोके. ढोके वर्ध्याचा, नवीनच लागलेला, भयंकर मेहनती. सकाळच्या ट्रेनिंगमधे कोणती दारू कशापासून होते ते त्यानं घोकून पाठ केलं होतं.

गृहस्थांनी मेनूवर बोट ठेवलं. "हे क्लासिक डेअरी काय आहे?"

"लय भारी आहे, साहेब. थंडगार."

"बरं. गाईचं की म्हशीचं?"

ढोके ताठ उभा राहिला आणि म्हणाला, "उसाचं, साहेब!"

*

या ड्रिंकचा इतिहास आम्हाला गोखलेसाहेबांनीच सांगितला. क्युबा नावाचं बेट. तिथं लोखंडाच्या खाणी. खाणीजवळ डायकिरी नावाचं खेडं. खाणीवर एक अमेरिकन इंजिनियर. त्याच्याकडं एकदा पाहुणे आले आणि नेमकी जिन संपलेली. मग त्यानं तिथली रम घेतली, लिंबू पिळलं, साखर घातली. पाहुणे खूश. नाव काय विचारलं, तर त्यानं गावाचंच नाव सांगून टाकलं.

"असं म्हणतात," साहेब म्हणाले. "बाकी त्याच्या कितीतरी आधीपासून बोटीवरचे खलाशी रममधे लिंबू पिळून पीतच होते. पण ते पडले खलाशी. इंजिनियरनं केलं की त्याला शोध म्हणतात."

हा इतिहास मी गिऱ्हाइकांना सांगायला लागलो. अमेरिकन गिऱ्हाइकं म्हणायची, "वॉव!" पुण्याची म्हणायची, "म्हणजे लिंबू सरबतच की!"

एक दिवस आपटेकाका आले. पिंपरीच्या एका कारखान्यात स्टोअर्समधे तीस वर्षं काढून बाहेर पडलेले. दर बुधवारी संध्याकाळी सहाला यायचे, एकच ड्रिंक घ्यायचे आणि सातला जायचे. पहिल्या दिवशी खुर्चीत बसायच्या आधी त्यांनी खिशातून दारूचा सरकारी परवाना काढून काउंटरवर ठेवला होता. आमच्याकडं परवाना विचारतो कोण? मी म्हटलं, "काका, राहू द्या."

"राहू द्या कसं? वाचा. यावर लिहिलंय की माझी प्रकृती सांभाळण्यासाठी मला मद्य लागतं. हे सरकारचं मत आहे. तुम्ही फक्त अंमलबजावणी करा."

तर त्या बुधवारी मी त्यांना डायकिरी दिली आणि क्युबाची गोष्ट सांगितली. खाण, पाहुणे, संपलेली जिन, सगळं. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"जिन संपेपर्यंत स्टोअरकीपर काय करत होता?"

"ते काही पुस्तकात नाही, काका."

"नसणारच. मी असं केलं असतं तर मला मेमो मिळाला असता. या गृहस्थांना इतिहासात जागा मिळाली!"

*

हा छोटा आहे.

क्युबातच पुढं एक जगप्रसिद्ध लेखक राहायचा. त्याला डायकिरी फार आवडायची, पण तो साखर घालू द्यायचा नाही, आणि रम मात्र दुप्पट. तशीच डायकिरी पुढं त्याच्या नावानं चालली. हे मी एकदा वारज्याहून येणाऱ्या एका बिल्डरसाहेबांना सांगितलं. त्यांचे डोळे चमकले.

"मला तीच द्या. डॉक्टरांनी माझी साखर बंद केलीय."

मी विचारलं, "आणि रमचं काय म्हणाले डॉक्टर?"

"त्याबद्दल मी विचारलंच नाही!"

*

एका उन्हाळ्यात लिंबं गायब झाली. मार्केट यार्डात माणूस पाठवला, तो हात हलवत परत आला. ट्रकवाल्यांचा संप होता. संध्याकाळी एका कंपनीची चाळीस माणसांची पार्टी, आणि त्यांनी फोनवर सांगून ठेवलेलं की डायकिरी पाहिजेच.

मी मालकांना फोन करायला निघालो, तर ढोके म्हणाला, "काहून घाबरता? मागच्या अंगणात आंब्याचं झाड हाय ना."

मला वाटलं, उन्हानं याचं डोकं फिरलं. पण गडी झाडावर चढला, टोपलीभर कैऱ्या उतरवल्या, उकडल्या आणि गर काढला. तो गर, साखर, रम, बर्फ. शेकर हलवला, गाळलं. हिरवट पिवळा रंग आला, दिसायला फार सुंदर. आता चव. आम्ही दोघंही गोखलेसाहेबांकडं गेलो. नोकरी जाते की राहते, अशा थाटात उभे.

साहेबांनी तळहात पुढं केला. मी थेंब सोडला. साहेबांनी डोळे मिटले. ढोकेच्या कपाळावर घाम.

मग साहेब म्हणाले, "पन्हं आहे हे. रम घातलेलं."

"चालेल का, साहेब?"

"वेलदोडा विसरलात."

वेलदोडा घातला. पार्टीतल्या लोकांनी पुन्हा पुन्हा मागून घेतली. दुसऱ्या दिवशी त्या कंपनीच्या एचआर मॅडमचा फोन आला, हे कुठल्या देशाचं कॉकटेल म्हणून. फोन ढोकेनं घेतला होता. तो म्हणाला, "मॅडम, मागच्या अंगणाचं."

*

पुण्यात गुरुवारी लाइट जाते, हे पुण्यात जन्मलेल्या पोरालासुद्धा माहीत असतं. अमेरिकेतून आलेल्या पाहुण्यांना कसं माहीत असणार?

आयटीचे दिवस जोरात होते. समोरच्या बिल्डिंगमधले एक मॅनेजर, देवधर नावाचे, अमेरिकन क्लायंटला दुपारच्या जेवणाला घेऊन आले. क्लायंट म्हणजे एक उंच, पांढऱ्या केसांच्या बाई. मोठं काम मिळायचं होतं. देवधरांनी मला आधीच बाजूला घेऊन सांगितलं, "मिलिंद, आज काही गडबड नको. माझ्या टीमच्या साठ पोरांचं काम या बाईंवर आहे."

बाईंनी मागितली फ्रोजन डायकिरी. म्हणजे बर्फ मिक्सरमधे रवाळ वाटून करतात ती. मी महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी काढली, मिक्सरमधे बर्फ टाकला. तिकडं देवधर लॅपटॉप उघडून सांगत होते, "मॅडम, आमची सिस्टीम कधीच बंद पडत नाही. बॅकअपला बॅकअप आहे. चोवीस तास, सातही दिवस..."

आणि लाइट गेली!

एसी बंद, पंखे बंद, माझा मिक्सर बंद. जनरेटरवर फक्त लिफ्ट आणि किचनचे दिवे. देवधरांचा चेहरा त्या अंधुकातही पांढरा दिसला.

ढोके किचनमधे पळाला आणि खलबत्ता घेऊन आला, लोखंडी, मसाला कुटायचा. चांगला घासून धुतला, बर्फ स्वच्छ फडक्यात बांधला आणि बाईंच्या समोरच, खाली मांडी घालून कुटायला बसला. धाड, धाड, धाड! बाई उठून त्याच्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या. मग पर्समधून कॅमेरा काढला. मग ढोकेच्या शेजारी खाली बसल्या आणि बत्ता स्वतःच्या हातात घेतला. मी स्ट्रॉबेरी कुस्करली, रम, लिंबू, साखर घातली, त्यात तो कुटलेला बर्फ.

बाईंनी एक घोट घेतला. मग दुसरा. मग देवधरांना म्हणाल्या, "हाच तुमचा बॅकअप का?"

देवधर शहाणे. म्हणाले, "येस मॅडम."

काम मिळालं. पुढच्या खेपेला त्या बाई आल्या तेव्हा लाइट होती, मिक्सर चालू होता. पण बाई म्हणाल्या, मशीनची नको, हातची पाहिजे. मग त्यांच्याबरोबरच्या आठही जणांना हातचीच पाहिजे झाली. ढोके आणि मी आळीपाळीनं अर्धा तास कुटत होतो.

गोखलेसाहेब मागून गेले. क्षणभर थांबून म्हणाले, "ओव्या तेवढ्या म्हणा आता."

*

हा आपटेकाकांचा आहे, पण हसायचा नाही.

पुढं अमेरिकेतल्या कंपन्या धडाधड बसल्या, तेव्हाचा. समोरच्या काचेच्या बिल्डिंगमधून दुपारीच माणसं बाहेर पडायला लागली. एका बुधवारी एक पोरगा येऊन बसला. पंचविशीचा असेल. गळ्यात कंपनीचा निळा पट्टा होता, पण पट्ट्याला कार्ड नव्हतं. त्यानं मेनू न बघताच म्हटलं, "काहीही द्या." मी डायकिरी दिली. तो ग्लासाकडं बघत बसला, प्यायला नाही.

सहाला आपटेकाका आले. शेजारच्या खुर्चीत बसले. त्याच्या पट्ट्याकडं एकदा बघितलं.

"नाव काय आपलं?"

"रोहन."

"तुम्ही कंपनी सोडलीत की कंपनीनं तुम्हाला?"

मला वाटलं, हा आता भडकणार. पण तो म्हणाला, "कंपनीनं. ई-मेल आला सकाळी."

"घरी सांगितलंत?"

"नाही. दुसरी नोकरी मिळाली की सांगीन. आईला टेन्शन नको."

काकांनी चष्मा काढून काउंटरवर ठेवला. इतक्या वर्षांत हे ते माझ्याशी कधी बोलले नव्हते.

"मी व्हीआरएस घेतली. घेतली म्हणजे दिली मला. बायकोला सांगितलं नाही. रोज सकाळी ती डबा करून द्यायची, मी तो घेऊन बाहेर पडायचो आणि बागेत जाऊन बसायचो. कारखान्याचा भोंगा साडेबाराला व्हायचा. बागेत भोंगा नव्हता, तरी मी डबा साडेबारालाच उघडायचो. चार महिने असंच."

"मग?"

"बागेत दोन कुत्री होती. माझ्याकडं बघत बसायची. त्यांना मी एकेक पोळी घालायचो. एके दिवशी डबा उघडला तर पोळ्या दोन जास्त. संध्याकाळी घरी गेल्यावर विचारलं, आज पोळ्या जास्त का घातल्यास? ती भाजी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, 'त्या कुत्र्यांना घालता ना रोज. तुम्हाला कमी पडत असतील.'"

मी शेकर पुसत राहिलो, तो आधीच पुसलेला होता.

थोड्या वेळानं रोहननं मोबाइल काढला आणि उठून बाहेर पोर्चमधे गेला. काचेतून दिसत होता, फोन कानाला लावून पाठमोरा.

आपटेकाकांनी चष्मा घातला आणि त्याच्या ग्लासाकडं बोट दाखवलं. "वेळ लागेल त्याला. हे कोमट होईल. आल्यावर नवीन करून द्या."

*

दारूच्या एका कंपनीनं बारवाल्यांची स्पर्धा भरवली. मुंबईतलं मोठं हॉटेल, समोर पाच परीक्षक. गोखलेसाहेबांनी माझं नाव मला न विचारताच पाठवलं होतं. शेवटच्या फेरीत सगळ्यांना एकच ड्रिंक दिलं, डायकिरी. परीक्षक म्हणाले, तीन वस्तूंत माणूस लपू शकत नाही.

बाकीचे स्पर्धक शेकर हवेत उडवत होते. मी नुसता हलवला. हलवून झाल्यावर सगळेजण स्ट्रॉनं थेंबभर काढून चाखून बघत होते, साखर जास्त की लिंबू जास्त. मी सरळ गाळून पाच ग्लास पुढं ठेवले.

मुख्य परीक्षक म्हणाले, "तुम्ही चाखलं नाहीत?"

"नाही सर. मी दारू घेत नाही."

हॉलमधे हशा. "कधीच?"

"कधीच."

"अहो, मग तुम्हाला चव कळते कशी?"

"गिऱ्हाइकाच्या हाताकडं बघून, सर. पहिला घोट माणूस नावासाठी घेतो. चवीचा घोट दुसरा. दुसऱ्या घोटानंतर ग्लास काउंटरवर गेला, तर काहीतरी चुकलंय. हातातच राहिला, तर बरोबर जमलंय."

पाचही परीक्षकांनी आपापल्या हाताकडं बघितलं. चौघांचे ग्लास हातात होते. टोकाला बसलेल्या पाचव्यांचा खाली.

मी काळजीनं विचारलं, "सर, साखर कमी पडली का?"

"नाही हो," ते ओशाळून म्हणाले, "मला फोन आला होता!"

माझा दुसरा नंबर आला. पुण्याला परत आल्यावर गोखलेसाहेबांना सांगितलं, की दुसऱ्या घोटाचं बोललो आणि दुसरा आलो.

"सुसंगत आहे," साहेब म्हणाले आणि स्कूटरला किक मारली.

*

मी घेत नाही, ते बाबांमुळं. आता बाबांचंच सांगतो.

बाबा सरकारी ऑफिसात हेडक्लार्क होते. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हापासून आमच्या घरात रोज सकाळी पंचशील म्हटलं जातं. त्यातलं पाचवं शील मद्यापासून दूर राहण्याचं. मी हॉटेलात लागलो, तेव्हापासून बाबा ते पाचवं शील जरा मोठ्या आवाजात म्हणायला लागले. एवढंच. भांडण नाही, अबोला नाही, नोकरी सोड म्हणणं नाही. पण हॉटेलात ते कधी आले नाहीत. घरून चालत वीस मिनिटांवर होतं. येरवड्यातल्या आमच्या वस्तीत कुणी विचारलं, मिलिंद काय करतो, की बाबांचं उत्तर ठरलेलं. "मोठ्या हॉटेलात आहे. पेय विभाग बघतो."

लग्नाच्या वेळी मुलीकडच्यांनाही त्यांनी हेच सांगितलं. माझ्या सासऱ्यांना बरेच दिवस वाटत होतं की मी पाण्याच्या टाक्यांवर आहे!

बाबा वस्तीतल्या विहाराचे सेक्रेटरी. बुद्धपौर्णिमेला सकाळी वंदना झाली की सगळ्यांना सरबत असायचं. ते करायच्या शेजारच्या सुमनमावशी. एका वर्षी त्यांचा हात मोडला. मीटिंगमधे प्रश्न आला, चारशे माणसांचं सरबत करणार कोण? मी मागं भिंतीला टेकून उभा होतो.

बाबा समोरच्या वहीत बघत म्हणाले, "मिलिंद करील. त्याला सवय आहे."

मी पहाटेच ढोकेला घेऊन विहारात गेलो. सकाळभर लिंबं पिळली, साखरेचा पाक केला. साधं ढवळून मला जमत नाही, हाताला सवय नाही. म्हणून दुधाच्या घट्ट झाकणाच्या किटल्या आणल्या होत्या. त्यात रस, पाक, पाणी आणि बर्फ घालायचा, झाकण लावायचं, दोन्ही हातांत धरून खांद्याच्या वर न्यायचं आणि हलवायचं. किटलीवर दव आलं की झालं. वंदना आटोपून लोक बाहेर आले तेव्हा मी आणि ढोके मांडवात उभे राहून किटल्या हलवत होतो. पोरं गोळा झाली. बायका बघत राहिल्या.

बाबाही बघत होते. पांढरा सदरा, खिशाला पेन, हात मागं बांधलेले. त्यांनी मला माझं काम करताना बघितलं ते पहिल्यांदाच.

पहिला ग्लास मी त्यांना दिला. त्यांनी उभ्या उभ्या सगळा संपवला. रिकाम्या ग्लासात बघितलं.

"याला तुमच्याकडं काय म्हणतात?"

"सरबतच बाबा."

"सरबत आमच्याकडं म्हणतात. तुमच्या हॉटेलात काय म्हणतात?"

मी ढोकेकडं बघितलं. ढोके जमिनीकडं बघत होता.

"डायकिरी," मी म्हटलं. "पण बाबा, त्यात..."

"त्यात काय असतं ते मला माहीत आहे. यात नाही ना?"

"नाही बाबा."

"मग झालं."

त्यांनी ग्लास स्वतः विसळून टेबलावर पालथा ठेवला आणि ते स्टेजवर चढले. माइकवर दोनदा टिचकी मारली. मांडव शांत झाला. नोटीस वाचावी तशा त्यांच्या त्या ऑफिसच्या आवाजात ते बोलायला लागले.

"सर्वांना सप्रेम जय भीम. एक सूचना आहे. माझे चिरंजीव मिलिंद हे गेली पंधरा वर्षं एका मोठ्या हॉटेलात पेय विभाग..."

बाबा थांबले. घसा साफ केला.

"एका मोठ्या हॉटेलात बारमधे आहेत. त्यांनी आज आपल्या सर्वांसाठी स्वतःच्या हातानं डायकिरी तयार केली आहे. सर्व उपासक-उपासिकांनी रांगेनं येऊन डायकिरीचा लाभ घ्यावा. लहान मुलांना आधी द्यावी."